चिनी मातीला मोड नाही

धुळ्याच्या जुन्या भागातल्या गल्ल्या नंबरानं ओळखल्या जातात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅप्टन ब्रिग्जनं हा भाग आखला, तेव्हापासूनची ही सरळ रेषेची ऐट. अशाच एका नंबरी गल्लीत दोन वर्षांपूर्वी एक माळवदाचा वाडा उतरवला जात होता. जुनं लाकूड घेणारा माणूस दाराच्या चौकटी मोजत होता, त्याचा पोरगा पितळी हंडे आणि घंगाळी वजनकाट्यावर चढवत होता. सागवानी शोकेस त्यानं दोन मिनिटांत पसंत केलं. मग काच सरकवून आतल्या प्लेटा काढल्या आणि ओट्यावर उन्हात मांडल्या. अकरा होत्या. कडेला सोनेरी रेघ, मधे गुलाबी फुलांचा गुच्छ, एकीचा टवका उडालेला. मी त्यांच्याकडे बघतेय हे त्याच्या लक्षात आलं. "घ्यायच्या तर घ्या ताई," तो म्हणाला, "याला मोड नाही."

जळगाव-धुळ्याकडे जुन्या फुलांच्या चिनी प्लेटा शोधायच्या तर आधी हे वाक्य समजून घ्यावं लागतं. सोन्याला मोड आहे. तांब्या-पितळेला, काशाला, अगदी आमच्याकडे ज्याला 'जर्मल' म्हणतात त्या ॲल्युमिनियमलाही मोड आहे. रद्दीला आहे, बाटलीला आहे. चिनी माती एकदा भाजली की तिचं पुन्हा काहीच होत नाही. वितळवता येत नाही, कल्हई करता येत नाही, तोडून विकता येत नाही. त्यामुळे भंगारवाला ती घेत नाही. बोहारीण जुन्या कपड्यांवर स्टीलचं भांडं देते, पण जुनी प्लेट पुढे केली तर हात मागे घेते. म्हणजे जुन्या वस्तू फिरत्या ठेवणाऱ्या आपल्याकडच्या दोन्ही जिवंत यंत्रणांनी या प्लेटांकडे पाठ फिरवलेली आहे.

परदेशात हे काम धर्मादाय दुकानं करतात. अमेरिकेत 'गुडविल' 1902 पासून, इंग्लंडात 'ऑक्सफॅम'चं ऑक्सफर्डमधलं दुकान 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून. लोक घरातलं नको झालेलं आणून देतात, दुसरे स्वस्तात घेऊन जातात, आणि मेलेल्या आजीच्या प्लेटेत कोणी अनोळखी नातवंड केक खातं. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीनं अशा दुकानांतून एकेक करून भिंतभर प्लेटा जमवल्या. इकडे आली की ती विचारते, जळगावात असं दुकान कुठे? नाही. आणि नसण्याचं कारण गरिबी किंवा श्रीमंती हे नाही. कारण 'उष्टं' हा शब्द. दुसऱ्याचं ताट आपण घेतो ते राखेनं घासून, विस्तवावर धरून, कल्हई लावून. धातू शुद्ध होतो. माती होत नाही, असं आपल्याकडे शेकडो वर्षं मानलं गेलं, आणि चिनी माती कितीही गुळगुळीत असली तरी शेवटी माती. दुसऱ्यानं ज्यात खाल्लं ती प्लेट विकत घेऊन त्यात जेवायचं, हे आजही आमच्या आईच्या पिढीतल्या बाईला सांगून बघा.

असं असताना या प्लेटा खानदेशात आल्या तरी कशाला? इथे तर वेगळ्या ताटाची गरजच नव्हती. रावेर, यावल, सावद्याकडे केळीचं पान परसात. लग्नकार्याला पत्रावळ. रोजच्याला काशाची किंवा पितळेची थाळी, आणि तिला कड हवीच, कारण आमचं जेवण पसरतं. भाकरी कुस्करून वर शेवभाजीचा रस्सा ओतायचा, वरणबट्टीवर तूप सोडायचं, हे उथळ इंग्रजी प्लेटेत जमत नाही. रस्सा मांडीवर येतो. त्यामुळे खानदेशात चिनी प्लेट ही जेवणाची वस्तू म्हणून आलीच नाही. ती आली चहाच्या पाठोपाठ, आणि आल्यावर बसली शोकेसमध्ये.

चहाचं प्रकरण सोपं नव्हतं. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे यांच्यासह चाळीसहून जास्त मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली. कोणी घेतली, कोणी नुसता मान राखला. गोपाळराव जोश्यांनी नावं फोडली, ती छापून आली, आणि ग्रामण्य, प्रायश्चित्त असं सगळं रामायण झालं. पेय तर बाटवणारं होतंच, पण ते ज्या कपात आलं तो कपही. या गोष्टीनंतर चाळीसेक वर्षांत चहा गल्लोगल्ली पोचला आणि कपबशी देवघराच्या बाहेरच्या खोलीपर्यंत आली. स्वयंपाकघरात मात्र नाही. खानदेशातल्या बऱ्याच जुन्या घरांत चहाचं सामान ओसरीवरच्या फडताळात वेगळं असायचं, ते यामुळे.

बाहेरून माल येण्याची वाट रेल्वेची. 1860 च्या दशकात जी.आय.पी. रेल्वेचे रूळ चाळीसगाव, जळगाव करत भुसावळला पोचले. 1900 साली चाळीसगावहून धुळ्याला फाटा गेला. भुसावळ हे इंजिनांचं गाव झालं. त्याच्याबरोबर साहेबांचे बंगले, अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गार्डांची वस्ती, इन्स्टिट्यूट, चर्च आलं. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात आयुष्य घालवलेला मेजर रॉबर्ट गिल 1879 साली वारला, त्याची कबर भुसावळात आहे. इतके साहेब जिथे जगले आणि मेले, तिथे त्यांच्या प्लेटाही राहिल्या असणार. बदली झाली की जड सामान लिलावात काढून हलक्या हातानं जायचं, ही त्या काळची सर्रास रीत. लिलावात प्लेटाही निघत. त्या कोण घ्यायचं? रेल्वेतला हेडक्लार्क, जिनिंगवाला शेठ, वकील. अमेरिकन यादवीच्या वेळी, 1861 ते 65 या काळात, खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे जिन आणि प्रेस उभ्या राहिल्या, अमळनेर-धुळ्याला गिरण्या निघाल्या. या पैशाला बैठकीच्या खोलीत दाखवायला काहीतरी हवं होतं.

दुसरी वाट दुकानांची. काच, चिनी माती, रंग, लोखंडी सामान हा धंदा आमच्याकडे बऱ्याच अंशी दाऊदी बोहरा व्यापाऱ्यांच्या हातात होता. आजही जुन्या पेठांतून त्यांच्या पाट्या दिसतात. मुंबईहून पेंढ्यात बांधलेल्या पेट्या उतरायच्या. डझनावर विक्री, उधारी चालायची. या दुकानांच्या माळ्यावर अजूनही कधीकधी एखादी न उघडलेली पेटी निघते. शोधणाऱ्याला याहून मोठं घबाड नाही: प्लेट जुनी, पण कोणाच्या जेवणाला न लागलेली. उष्ट्याचा प्रश्नच मिटतो.

तिसरी गोष्ट सांगायला अवघड आहे, पण ती वगळून हा आढावा खोटा ठरेल. चिनी मातीची भांडी घरात आणखी एका कामाला होती. सवर्ण घरांत दलित मजुराला, सालदाराला चहा द्यायचा तर तो वेगळ्या कपबशीत. ती कपबशी गोठ्याच्या वळचणीला खोचलेली असे. ज्याची त्यानं काढायची, प्यायची, धुवून पुन्हा खोचायची. धातूचं भांडं दिलं तर ते 'बाटतं', मग विस्तवावर धरा. चिनीचं दिलं तर ते वेगळंच राहतं. ज्या मुलखात चाळीसगावचे टांगेवाले 1929 साली बाबासाहेब आंबेडकरांना न्यायला तयार झाले नाहीत, त्या मुलखात ही वेगळी बशी कोणाच्या डोळ्यांवर यायचीच नाही. मला एकदा चोपडा तालुक्यातल्या एका घरी निळ्या फुलांची, कान तुटलेल्या कपाची जोडी दाखवली गेली. घरमालकीण अभिमानानं म्हणाली, आजोबांच्या वेळची आहे, बघा किती चांगली राहिली. मी विचारलं, कुठे होती? ती म्हणाली, गोठ्यात. पुढे कोणीच काही बोललं नाही. मी ती घेतली नाही. माझ्या मते अशी वस्तू भिंतीवर टांगायची असेल तर तिच्याखाली ही माहिती लिहून टांगावी, नाहीतर टांगू नये.

म्हणजे खानदेशात जी जुनी प्लेट मिळते ती बहुधा न वापरल्यामुळे टिकलेली असते. शोकेसमध्ये पाहुण्यांसाठी राखलेली, किंवा वळचणीला दूर ठेवलेली. मधली, रोज वापरली गेलेली, फुटली आणि संपली.

आता मिळतं काय काय ते बघू. नव्या शोधकाला वाटतं की फुलं आणि सोनेरी कड दिसली की विलायती. दहातल्या सहा वेळा ते फूल भारतीय असतं, किंवा ती चिनी मातीच नसते.

सगळ्यात जास्त फसवते ती ओपल काच. दुधी पांढरी, हलकी, कडेला छापील गुलाब. 'ला ओपाला' कंपनी 1987 साली स्थापन झाली आणि नव्वदच्या दशकात लग्नाच्या आहेरात घरोघर पोचली. त्याआधी आखातातून परतणारे लोक फ्रेंच 'आर्कोपाल' आणायचे. ओळखायला सोपं आहे: प्लेट उलटी करा आणि खालच्या गोल कड्यावरून बोट फिरवा. चिनी मातीच्या प्लेटेला तळाशी जो कडा असतो, ज्यावर ती टेकते, तिथली झिलई भट्टीत चिकटू नये म्हणून बऱ्याचदा पुसलेली असते. बोटाला तो खरखरीत लागतो, बारीक सॅंडपेपरसारखा. ओपलचा तळ सगळीकडे गुळगुळीत. दुसरी फसवणूक तामचिनीची. लोखंडी पत्र्यावर काचेचा लेप, त्यावर फुलं. टवका उडाला की आत काळं लोखंड दिसतं. तामचिनी वाईट नाही, उलट जुन्या तामचिनी ताटल्यांवरची फुलं मला कित्येक इंग्रजी प्लेटांपेक्षा आवडतात. पण तिला चिनीच्या भावात घेऊ नये.

खऱ्या चिनी मातीत तीन जाती हाताला लागतात. पहिली साधी, जाड, अपारदर्शक. टिचकी मारली तर 'थप्प' असा बसका आवाज. टवका उडाल्या जागी पिवळट माती दिसते आणि तिथे चहाचे डाग मुरतात. झिलईवर केसांसारख्या बारीक भेगांचं जाळं असतं. इंग्लंडच्या स्टोक-ऑन-ट्रेंट भागातून जगभर गेलेला बहुतेक स्वस्त माल हा. दुसरी पोर्सेलिन: किंचित निळसर पांढरी, कठीण, आवाज खणखणीत. जर्मन, चेक आणि जपानी माल बहुतेक यातला. तिसरी बोन चायना. एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर जोसाया स्पोडनं स्टोकमध्ये हिचं मिश्रण पक्कं केलं, आणि त्यात जनावरांच्या हाडांची राख जवळजवळ निम्मी असते. पातळ, सायीसारखी पांढरी. मोबाइलचा टॉर्च मागे धरला तर बोटांची सावली आरपार दिसते. जळगाव-धुळ्याच्या जैन, मारवाडी आणि माळकरी घरांत ती का सापडत नाही हे वेगळं सांगायला नको. एका जुन्या दुकानदारानं मला सांगितलं होतं की बोन चायना दाखवताना ते 'बोन'चा अर्थ सांगत नसत, आणि गिऱ्हाईकही विचारत नसे.

फूल कसं आलंय तेही बघावं. हातानं रंगवलेलं फार क्वचित. बहुतेक जुनी फुलं छापाची. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, त्यात रंग भरून पातळ कागदावर ठसा घ्यायचा, तो ओला कागद प्लेटेवर दाबून चोळायचा आणि पाण्यानं कागद धुवून काढायचा. हे काम स्टोकच्या कारखान्यांत बायका आणि पोरी करायच्या. घाईत लावलेल्या कागदाचा सांधा जुळत नाही. माझ्याकडे एक निळी प्लेट आहे, तिच्या काठावरची वेल फिरत फिरत येते आणि एका जागी पान अर्ध्यात तुटून तिथून भलतंच फूल सुरू होतं. दीडएक इंचाचा गोंधळ. कारखान्याच्या लेखी दोष असेल, मला ती सगळ्यात लाडकी आहे, कारण तिथे कोणाचा तरी अंगठा दिसतो. पुढच्या काळातली फुलं रंगीत चिकटचित्रांची. भिंगातून बघितली तर वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे ठिपके दिसतात.

मग पाठ वाचायची. प्लेटेचा सगळा जन्मदाखला तिथे असतो. नुसतं 'इंग्लंड' लिहिलं असेल तर ती बहुधा 1891 नंतरची, कारण त्या साली अमेरिकेनं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं आणि कारखान्यांनी सगळ्याच मालावर ते छापायला घेतलं. 'मेड इन इंग्लंड' असेल तर विसावं शतक. 'बोन चायना' असे शब्द असतील तरी विसावंच. इंग्रजी डिझाइन-नोंदणीची चौकोनी, कर्णावर उभी केलेली खूण 1842 ते 1883 या काळातली, आणि 'आर.डी. नंबर' 1884 पासूनचा. ती चौकोनी खूण खानदेशात मी एकदाच पाहिली, तीही तडा गेलेल्या बशीवर. 'निप्पॉन' म्हणजे 1921 च्या आधीचा जपान, त्यानंतर 'जपान'. नागोयाची नोरिताके कंपनी 1904 ची, तिचा शिक्का सगळ्यात जास्त भेटतो. 'चेकोस्लोव्हाकिया' 1918 नंतर, कारण त्याआधी तो देशच नव्हता. 'वेस्ट जर्मनी' 1949 ते 1990. असा शाळेतला भूगोल आणि इतिहास एका बशीच्या बुडावर छापलेला असतो. 'मायक्रोवेव्ह सेफ' दिसलं तर मात्र हसून खाली ठेवावी.

आणि 'मेड इन इंडिया' दिसलं तर खाली ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बंगाल पॉटरीज, ग्वाल्हेर पॉटरीज यांचा माल आज कोणी विचारत नाही. इंग्रजी शिक्का नाही म्हणून विक्रेता तो फुकटात देतो. पण जाडजूड, थोडासा राखाडी, कधी कडेला वाकडा असलेला तो माल म्हणजे आपल्या उद्योगाचे पहिले दिवस आहेत. 1936 साली खानदेशातल्याच फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं. चित्रकार नंदलाल बोसांनी बांबू आणि खेड्यातल्या सामानानं मंडप सजवला, ग्रामोद्योगाचा पुकारा झाला. त्याच दशकात बाजार स्वस्त जपानी मालानं भरलेला होता. त्या ओढाताणीत देशी कारखान्यानं काढलेली फुलांची बशी कोणीतरी पुढे-मागे घेतली, आणि ती आज जळगावच्या एखाद्या माळ्यावर धूळ खाते. विलायती गुलाबापेक्षा तिची गोष्ट मोठी आहे. संग्राहकांना हे कळायला अजून दहा-वीस वर्षं लागतील, तोवर स्वस्तात घेऊन ठेवाव्यात.

शोधायचं कुठे? भंगारवाल्याकडे नाही, हे वर आलंच. आठवडे बाजारात क्वचित. धुळ्याच्या एकवीरा देवीच्या चैत्रातल्या यात्रेत किंवा सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांच्या बाजारात गेलात तर नव्या कपबशा ढिगानं मिळतील, जुनी नाही. खरी जागा जुन्या लाकडी सामानाची. शोकेस विकत घेणारा आतला माल आपोआप घेतो आणि त्याचं काय करावं हे त्याला कळत नाही. वाडे उतरवणारे ठेकेदार दुसरे. तिसरे मंडप आणि भांडी भाड्यानं देणारे. त्यांच्या गोदामात मेलामाईन आणि स्टीलच्या मागे जुन्या काळच्या चहाच्या बशांची चळत असू शकते, अर्थात एकसारखी आणि ठोक. चौथी जागा आपलंच घर, पण तिथे शोधायचं धाडस लागतं, कारण शोकेसच्या किल्ल्या काकूंकडे असतात.

मी जिच्याकडून पहिली प्लेट घेतली ती धुळे तालुक्यातली आजीबाई होती. प्लेट हातात देताना तिनं विचारलं, "फुटी गयी ते?" मी म्हटलं, फुटली तर फुटली. तिनं ती परत घेतली, पदरानं पुसली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि मग दिली. पैसे घेईना. शेवटी तिच्या नातवाच्या हातावर शंभराची नोट ठेवली तेव्हा ती म्हणाली की एवढ्यात स्टीलची दोन ताटं आली असती.

भावाचं एवढंच खरं आहे. खानदेशात या प्लेटांना ठरलेला भाव नाही. मोड नाही म्हणून तळाचा भाव नाही, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून वरचा नाही. मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात तीच प्लेट कितीतरी पटीनं जाते, आणि इन्स्टाग्रामवर पिवळ्या उजेडात फोटो काढला की त्याहून जास्त. हे कळल्यापासून काही हुशार मंडळी वाड्यांतून प्लेटा उचलून पुण्याला पाठवू लागली आहेत. त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती 'शंभर वर्षांची अँटिक' म्हणून सांगण्याला. 'रॉयल अल्बर्ट'चा प्रसिद्ध 'ओल्ड कंट्री रोझेस' हा गुलाबांचा नमुना 1962 चा आहे. तो शंभर वर्षांचा व्हायला अजून अवकाश आहे. आणि खरोखर शंभर वर्षं ओलांडलेली वस्तू असेल तर 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. माझ्या मावसबहिणीला हे विमानतळाच्या आधी कळलं, बरं झालं.

घेतलेल्या प्लेटेत खायचं का? रोज नाही. झिलईच्या वर लावलेल्या जुन्या रंगांत, खास करून लाल, नारिंगी आणि पिवळ्यात, शिसं किंवा कॅडमियम असण्याची शक्यता असते आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतात. आमचं जेवण तर चिंच, लिंबू, टोमॅटो, दही आणि लोणच्याशिवाय चालत नाही. भेगांचं जाळं पडलेली प्लेट जेवणाला नकोच. कोरडा फराळ, विडा, देवापुढची फुलं यासाठी हरकत नाही. सोनेरी कडेची प्लेट मायक्रोवेव्हमध्ये ठेवाल तर ठिणग्या उडतील. तडा आहे का हे टिचकीनं कळतं: चांगली प्लेट वाजते, तडकलेली खोकते.

फुटली तर? इथे मात्र खानदेशानं मोड नसलेल्या मालाला मोड शोधून काढली आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या भुसावळ-जळगावात गच्चीवर पांढरे चिनीचे तुकडे बसवायची पद्धत आहे, ऊन परत फेकलं जातं. तुळशीवृंदावनावर, मोरीच्या कट्ट्यावर, ओसरीच्या पायरीवर फुटक्या बशांची फुलं सिमेंटात रोवलेली दिसतात. एरंडोलच्या बाजूला एका वृंदावनावर मी बोटभर तुकड्यात निळी वेल ओळखली होती, माझ्या प्लेटेवरचीच. उरलेला भाग कुठे गेला, कोणी फोडला, कोणालाच माहीत नव्हतं.

जतन करणारं कोणी आहे का, हा शेवटचा प्रश्न, आणि इथे चित्र विरळ आहे. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ कागदपत्रं आणि इतिहासाची साधनं सांभाळतं, ते त्याचं काम आहे आणि मोठं आहे. चाळीसगावला स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर कलादालन म्हणून जपलेलं आहे. हा पारशी छायाचित्रकार 1912 साली जन्मला, आणि त्या घरातून तो वर्षानुवर्षं जवळजवळ बाहेर पडलाच नाही. 31 डिसेंबर 1989 ला वारला. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यातून अख्खं दृश्य उभं करायचं, ही त्याची खासियत. त्यानं जमवलेल्या जुन्या वस्तूही तिथे आहेत. घरातली साधी वस्तू बघण्यासारखी असते हे खानदेशात कोणी दाखवून दिलं असेल तर त्यानं. पण सामान्य घरातल्या बशीचा, तिच्या पाठीवरच्या शिक्क्याचा आणि ती कोणत्या दुकानातून, कोणाच्या लग्नात आली याचा माग कोणीच ठेवलेला नाही. तो सांगू शकणाऱ्या बायका आता ऐंशीच्या पुढे आहेत.

म्हणून दिवाळीच्या आवराआवरीत शोकेस रिकामं कराल तेव्हा प्लेट उलटी करा, पाठीचा फोटो घ्या आणि आजीला विचारून त्याखाली दोन ओळी लिहून ठेवा. मग ठेवायची की टाकायची ते ठरवा. घंटागाडी सकाळीच येते आणि ती चिनी मातीही घेते.